सॅस्काटून की रिजायना?

टोरंटोचं घरभाडं परवडेना म्हणून कॅनडाच्या प्रेअरी म्हणजे सपाट गवताळ भागाकडे बघू लागलं, की सॅस्कॅचेवान प्रांतातली ही दोन शहरं हमखास समोर येतात. २०२१च्या जनगणनेत सॅस्काटूनची लोकसंख्या २,६६,१४१ होती, राजधानी रिजायनाची २,२६,४०४. मध्ये साधारण २६० किलोमीटरचा सपाट हायवे. थंडी तीच, प्रांत एक म्हणून करही तेच: ५ टक्के जीएसटी, ६ टक्के पीएसटी, म्हणजे प्रांताचा विक्रीकर. त्यामुळे ‘काही फरक नाही, कुठेही जा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. खरा फरक नोकऱ्यांमध्ये आहे, आणि नवरा-बायकोपैकी ज्याच्या हातात अजून ऑफर नाही, त्याच्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे.

रिजायना हे सरकारी शहर. मंत्रालयं तिथे, आणि प्रांताच्या मालकीच्या कंपन्यांची मुख्य कार्यालयंही तिथेच: वीज देणारी सॅस्कपॉवर, टेलिफोनची सॅस्कटेल, गॅसची सॅस्कएनर्जी, गाड्यांचा विमा करणारी एसजीआय. अकाउंट्स, आयटी, विमा, एचआर यांत काम केलेल्या माणसाला इथे अर्ज करायला जागा सापडतात. शिवाय पोलादाचा कारखाना आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. नोकरी लागायला वेळ लागेल, पण लागली की बसणारी घडी पक्की असते.

सॅस्काटूनचं अर्थकारण जमिनीतून येतं. पोटॅश खत काढणारी न्यूट्रिएन आणि युरेनियमची कामेको यांची मुख्यालयं इथे आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ सॅस्कॅचेवान इथे, मेडिकल आणि व्हेटर्नरी कॉलेजं इथे, कॅनडातलं एकमेव सिंक्रोट्रॉन प्रकाशकेंद्रही (अतिप्रखर क्ष-किरणांनी संशोधन करणारी मोठी प्रयोगशाळा) इथेच. मेकॅनिकल किंवा मायनिंगचा अनुभव असलेले, लॅबमध्ये काम केलेले, नर्सिंगवाले यांनी आधी सॅस्काटून बघावं. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी पदवीधरांना तर मी आग्रहानेच सांगेन. आपल्या बाजारात येणारी कॅनडाची मसूर मुख्यतः याच प्रांतात पिकते, आणि या पिकाला तिथे पाय रोवता आले ते सॅस्काटूनच्या विद्यापीठातल्या पीक संशोधन केंद्रामुळे. ‘लेअर्ड’ हे मसुरीचं गाजलेलं वाण १९७८ साली तिथूनच आलं. कडधान्यांची जाण असलेल्या माणसाच्या ज्ञानाला इथे किंमत आहे.

आता समजा, त्याला पोटॅश कंपनीत नोकरी मिळाली आणि ती सीए आहे. ‘ती रिजायनाला नोकरी करेल, येऊन-जाऊन राहील’ असा हिशेब कागदावरसुद्धा मांडू नका. प्रांताची स्वतःची बससेवा २०१७ मध्ये बंद झाली. खासगी बस आहेत, पण रोजच्या जाण्या-येण्याच्या नव्हेत, आणि जानेवारीत वारा सुटून हायवेवर बर्फ उडू लागला की घरी थांबणं हाच शहाणपणा. म्हणून दोघांच्याही क्षेत्रातल्या जाहिराती महिनाभर दोन्ही शहरांसाठी पाहा, मगच ठरवा.

घरांच्या बाबतीत रिजायना स्वस्त. भाड्यात फरक जाणवतो, विकत घेताना जास्तच. पण तिथली माती चिकण आहे. पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि जुन्या घरांचे पाये त्यासोबत हलतात. बेसमेंटच्या भिंतीला तडे किंवा आधाराला लावलेले लोखंडी खांब दिसले, तर पायाची तपासणी स्वतंत्र जाणकाराकडून करून घेतल्याशिवाय ऑफर देऊ नका. दुरुस्तीचा खर्च घरातली सगळी बचत खाऊन टाकू शकतो.

मुलाला दीर्घ आजार असेल, तर माझं मत सरळ सॅस्काटूनच्या बाजूने. प्रांताचं मुलांचं हॉस्पिटल २०१९ पासून तिथे आहे, आणि तपासणीसाठी वारंवार २६० किलोमीटर जाणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

फिरण्याच्या दृष्टीनेही सॅस्काटून उजवं: शहरातून मोठी नदी वाहते आणि काठाने लांबवर पायवाट आहे. रिजायनाचं वास्काना तळं बांधलेलं, झाडंही माणसांनी लावलेली, पण विधानसभेभोवतीचा तो परिसर सुंदर आहे.

थंडीत डावं-उजवं नाही. जानेवारीचं सरासरी तापमान उणे १४-१५, अधूनमधून उणे ४० सुद्धा. दोन्हीकडे गाडी लागतेच, आणि रात्री तिचा ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा हीटर, प्लगला लावावा लागतो. भाड्याचं घर बघताना पार्किंगपाशी तो प्लग आहे का, हे आधी विचारा. डिसेंबरात सॅस्काटूनला सूर्य नऊनंतर उगवतो, पण आकाश बहुतेक निरभ्र असतं. या दोन्ही शहरांत घड्याळं वर्षभर बदलत नाहीत, त्यामुळे भारताशी अंतर कायम साडेअकरा तासांचं. इथले रात्रीचे आठ म्हणजे आईकडे सकाळचे साडेसात, बाराही महिने.

हातात काहीच ऑफर नसेल आणि दोघांनाही नव्याने सुरुवात करायची असेल, तर मी सॅस्काटून निवडेन. एकाला रिजायनात सरकारी किंवा सरकारी कंपनीतली नोकरी मिळाली असेल आणि घर लवकर घ्यायचं असेल, तर रिजायना. कुठेही जा, शक्यतो जून-जुलैमध्ये पोचा. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात, आणि ड्रायव्हिंगची परीक्षा रस्ते कोरडे असतानाच देऊन टाकता येते.