मॅलाम्यूट कुत्र्यासाठी अंडरकोट रेकच (आतली लोकर काढायचा कंगवा) घ्या
आम्ही अलास्कातल्या अँकरेजला राहतो, घरी अलास्कन मॅलाम्यूट आहे, नर, ३८ किलोच्या आसपास. वर्षातून दोनदा ह्यांची आतली लोकर अशी सुटते की मांड्यांच्या मागे नुसते पुंजके लोंबत असतात, साधा ब्रश वरच्यावर फिरतो आणि काही उपयोग नाही. हा रेक एकदम मस्त, दात लांब, टोकं गोल, थेट आतपर्यंत जातो आणि कातडीला ओरखडासुद्धा नाही. केसांच्या दिशेनेच ओढायचा, कानामागे हलक्या हाताने. मूठ मात्र ओल्या हातातून सटकते, तेवढं कंपनीने बघावं. आणि प्लीज, उन्हाळा आला म्हणून मशीन मारून भादरू नका हो त्याला, तो दुहेरी कोट (वरचे केस आणि आतली लोकर) उन्हापासूनपण वाचवतो! हस्कीवाल्यांनाही चालेल, पूडलला नको.