‘पाँच साल की गारंटी’वाली इन्व्हर्टर बॅटरी, साडेतीन वर्षं वापरल्यावर

ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूरच्या महाराणी रोडच्या एका दुकानातून ही बॅटरी घेतली होती, १५० एएच (अँपियर-अवर, म्हणजे क्षमता), टॉल ट्युब्युलर म्हणजे उंच, पाणी घालायची जात, जुनी बॅटरी त्याला देऊन साडेचौदा हजारात. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाहीये, दुकानदार बाबांच्या वेळेपासूनचा ओळखीचा आहे आणि खरं सांगायचं तर मला ज्याच्यावर चिडायचंय तो माणूस नाहीच, शब्द आहे.

आधी चांगलं सांगतो. डिलिव्हरी त्याच दिवशी. आमचं घर रामबागेत, जुना वाडा, जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने परत खाली जायचं, आणि पन्नास किलोच्या वरची बॅटरी दोन पोरांनी दुसऱ्या मजल्यावर नेली, वरचे पैसे मागितले नाहीत, फक्त चहा प्यायले. बॅकअप पहिली दोन वर्षं मस्त. आईला रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते, एक पंखा आणि दोन लाइट असं तीन तास आरामात चालायचं, पावसाळ्यात फीडर गेला, म्हणजे अख्ख्या भागाची लाइन गेली, तरी टेन्शन नाही. तीन-चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट खाली गेला की कळतंच. बास, एवढीच देखभाल.

आता गंमत. बॅटरीवर मोठ्ठ्या अक्षरात छापलेलं ‘६० महिने वॉरंटी’ आणि दुकानदार म्हणाला, “पाँच साल की गारंटी है भैया, आँख बंद करके ले जाओ.” मी खरंच डोळे मिटून घेतली, वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचलीच नाही.

नोव्हेंबर २०२३ ला बॅकअप पाऊण तासावर आला. कंपनीला फोन केला, माणूस आला, हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) घालून एकेक सेल बघितला, पाच सेल ठीक, एकाची ग्रॅव्हिटी, म्हणजे ती घनता, पार बसलेली. आठ दिवसांत बॅटरी बदलून मिळाली, एक पैसा न घेता. मी तर सगळ्यांना सांगत सुटलो की घ्या ह्यांचीच घ्या. पण एक गोष्ट तेव्हा कोणी बोललं नाही, की बॅटरी नवी असली तरी वॉरंटी जुन्याच तारखेपासून मोजायची. म्हणजे नवी नवरी आणि लग्नाची तारीख जुनी.

जानेवारी २०२५ ला ही दुसरीपण बसली. वीस मिनिटं, की मशीन बंद आणि आई घाबरीघुबरी. परत फोन, परत माणूस, परत हायड्रोमीटर, आणि ह्यावेळी तो म्हणाला, “साहब अब प्रो-राटा में आ गई.” म्हणजे काय? तर साठ महिन्यांतले पहिले छत्तीस महिने बदलून देणार आणि उरलेले चोवीस महिने नव्या बॅटरीच्या एमआरपीवर फक्त डिस्काउंट. एमआरपी बावीस हजार, मला पंचवीस टक्के सूट, झाले साडेसोळा हजार, वर खराब बॅटरी कंपनी घेऊन जाणार. आणि तीच बॅटरी बाजारात, जुनी परत देऊन, तेव्हा चौदा हजारात मिळत होती. म्हणजे वॉरंटी वापरली तर अडीच हजार जास्त लागतात! एमआरपीला बॅटरी घेतलेला माणूस मी तरी अजून बघितलेला नाही.

दुकानात गेलो. “आपने तो पाँच साल की गारंटी बोला था.” तर तो शांतपणे म्हणतो, “हाँ तो गारंटी है ना. वारंटी में लिखा है.” ह्यावर काय बोलणार, सांगा.

संध्याकाळी कार्ड घेऊन लोकमान्य नगरला काकांकडे गेलो, पस्तीस वर्षं वकिली केलीय त्यांनी. भिंगाने कार्ड वाचलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, “अरे, तुम्ही लोक गॅरंटी म्हणता ती कायद्यात वेगळीच वस्तू आहे. १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, कलम १२६. तिथे गॅरंटीला तीन माणसं लागतात, कर्ज देणारा, घेणारा आणि मध्ये जामीन राहणारा. तू मागे शेजाऱ्यांच्या लोनवर सही केलीस ना, ती गॅरंटी. बॅटरीवाला कोणाला जामीन राहिलाय?” ती सही आठवून माझ्या पोटात गोळाच आला, कारण काका लगेच हेही म्हणाले की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, बँकेने आधी त्यालाच धरलं पाहिजे असं काही नाही. पण ते जाऊ द्या, बॅटरीचं बोलू.

“मग वॉरंटी तरी खरी ना?” मी विचारलं. तर म्हणे वॉरंटी आहे, पण ती धाकटी. १९३० चा माल-विक्रीचा कायदा, त्यात दोन शब्द आहेत, कंडिशन आणि वॉरंटी. व्यवहाराच्या मुळाशी असलेली गोष्ट म्हणजे कंडिशन, ती मोडली तर गिऱ्हाइकाला माल परत करता येतो, पैसे परत मागता येतात. वॉरंटी म्हणजे बाजूची गोष्ट, ती मोडली तर फक्त नुकसानभरपाई, माल नाकारता येत नाही. मला हे ऐकून विचित्रच वाटलं. आपण काय समजतो, वॉरंटी म्हणजे सगळ्यात मोठं वचन, आणि कंडिशन म्हणजे ती ‘कंडिशन्स अप्लाय’वाली बारीक अक्षरातली कटकट, नाहीतर जुन्या स्कूटरची कंडिशन. दुकानदारपण जुनी बॅटरी घेताना हेच म्हणाला होता, “कंडीशन देख के भाव लगाऊँगा.” कायद्यात बरोब्बर उलटं, कंडिशन गिऱ्हाइकाच्या बाजूची आणि वॉरंटीपेक्षा वजनदार.

आणि पुढचं ऐका. कलम १२ मध्येच लिहिलंय की करारात एखाद्या गोष्टीला वॉरंटी म्हटलं असलं तरी ती कंडिशन असू शकते, नाव काय दिलंय ह्यावर जायचं नाही, पूर्ण व्यवहार बघायचा. मी तर उडालोच, म्हटलं काका मग जिंकलो आपण. काकांनी चष्मा काढला. “तू बॅटरी घेतलीस, लावलीस, एक बदलूनसुद्धा घेतलीस. माल एकदा स्वीकारला ना, की कलम १३ प्रमाणे थोरलीचीपण धाकटी होते, म्हणजे कंडिशनची वॉरंटी, करारात वेगळं ठरलं नसेल तर. आता परत-बिरत नाही, मागायची तर भरपाई.”

मग त्यांनी जे विचारलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. “आईच्या मशीनसाठी पाहिजे, हे त्याला सांगितलं होतंस?” हो, सांगितलं होतं. “लिहून?” नाही. “कंपनी तू सांगितलीस का त्याने सुचवली?” त्याने. तर म्हणे हे महत्त्वाचं आहे, कारण विशेष कामासाठी वस्तू हवीय असं विकणाऱ्याला सांगितलं, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतली आणि तो तोच धंदा करतो, तर ती त्या कामाला चालली पाहिजे ही कंडिशन कायदा आपोआप धरतो, कार्डावर असो नसो. पण आपणच अमुक कंपनीची अमुक मॉडेल द्या म्हटलं तर ही सोय गेली. आणि मी दर वेळी दुकानात शिरताना ब्रँडचं नाव घेत शिरतो, हुशारी दाखवायला!

गॅरंटी आणि वॉरंटी मुळात एकच शब्द आहेत हेही त्यांनीच सांगितलं, फ्रान्सच्या एका भागातली माणसं ‘व’ म्हणायची तिथे दुसऱ्या भागातली ‘ग’, इंग्रजीने दोन्ही घेतले, वॉर्डन आणि गार्डियनची पण तीच कथा. आपल्याकडेही जामीन म्हणजे कर्जाला राहणारा माणूस आणि जामीन म्हणजे कोर्टातून सुटका, दोन्ही आहेतच की, तिथे मात्र आपला गोंधळ होत नाही.

ग्राहक आयोगात जायचं का? पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला आधी फोन करता येतो, सगळं काकांनी सांगितलं. पण तोंडी बोललेली गारंटी सिद्ध कशाने करू? आणि आईचं मशीन तर त्याच रात्री चालायला पाहिजे होतं. नाही गेलो.

तर रिव्ह्यू असा की बॅटरीला पाचपैकी तीन, सर्व्हिसवाल्याला साडेचार (दोन्ही वेळा वेळेवर आला, खोटं बोलला नाही), वॉरंटी कार्डाला एक, तोही कागद चांगला होता म्हणून.

नवी बॅटरी त्याच दुकानातून घेतली, दुसऱ्या कंपनीची, तेरा हजार आठशे. ह्यावेळी ब्रँडचं नाव मी काढलंच नाही, म्हटलं आईचं ऑक्सिजन मशीन तीन तास चाललं पाहिजे, तुम्ही सांगा कुठली घेऊ. मग बिलावर पेनाने लिहून मागितलं, कशासाठी घेतली ते, किती महिने बदलून देणार ते, आणि बदललेल्या बॅटरीची तारीख कुठून मोजणार ते. त्याने दहा मिनिटं माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं, शिक्का मारला, सही केली. आणि बिल माझ्या हातात देताना म्हणतो, “अब तो आपको पूरी गारंटी है.”