मॅक्सिमाचं लिंडस्टेड पॅकेज: लंबकाला पुरतं, व्हॅन डेर पोलला नाही

अरेषीय आंदोलकांची पर्टर्बेशन पद्धतीनं (छोट्या प्राचलाच्या घातांत क्रमाक्रमानं दुरुस्त्या मिळवत) आकडेमोड हातानं करायची तर दुसऱ्या क्रमालाच पानंच्या पानं भरतात आणि कुठंतरी एक चिन्ह हमखास निसटतं. मॅक्सिमा हे बीजगणिती आकडेमोडीचं सॉफ्टवेअर ते काम फुकटात करून देतं. एमआयटीतल्या जुन्या मॅकसिमाचा हा वारस, १९९८ साली जीपीएल परवान्याखाली खुला झालेला. डब्ल्यूएक्समॅक्सिमा हा त्याचा दर्शनी भाग विंडोज आणि लिनक्सवर नीट चालतो. इथं त्यातल्या एकाच कोपऱ्याबद्दल लिहितो: आंदोलनाची वारंवारताही प्रत्येक क्रमाला दुरुस्त करत उत्तर काढणारं लिंडस्टेड पॅकेज.

लिंडस्टेड पॅकेज वापरायला आधी 'मेकऑर्डर्स' आणि मग 'लिंडस्टेड' अशा दोन फायली लोड कराव्या लागतात. फाइलच्या नावातला 'एल' लहान, आज्ञेच्या नावातला मोठा. मॅक्सिमाला हा फरक कळतो, त्यामुळे चुकीचा 'एल' लिहिलात तर आज्ञा न चालवता ती तशीच परत छापली जाते. आज्ञेला चार गोष्टी द्यायच्या: समीकरण, छोटा प्राचल, क्रम आणि सुरुवातीच्या अटींची यादी. समीकरणातल्या डिफ या डेरिव्हेटिव्हच्या आज्ञेआधी एकेरी अवतरणचिन्ह विसरू नका. ते नसेल तर 'क्ष' वेळेवर अवलंबून नाही असं समजून मॅक्सिमा दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य धरतं आणि हातात नुसतं बैजिक समीकरण उरतं.

पुस्तिकेतलं उदाहरण क्ष'' + क्ष − ए·क्ष³/६ = ० हे आहे; ए हा छोटा प्राचल, सुरुवातीचं स्थान १ आणि वेग ०. दुसऱ्या क्रमापर्यंत वारंवारता १ − ए/१६ − ७ए²/३०७२ येते. उत्तर बरोबर आहे, पण इथंच पुष्कळजण फसतात. हे समीकरण लंबकासारखं दिसतं म्हणून ए = १ ठेवून हाच आकडा लंबकाला लावला जातो. १ रेडियन आयामाला (झोक्याच्या कमाल कोनाला) त्यातून ०.९३५२ मिळतं, तर खऱ्या लंबकाची वारंवारता ०.९३७८ आहे. गंमत म्हणजे नुसता पहिला क्रम ०.९३७५ देतो, म्हणजे जास्त कष्ट करून उत्तर बिघडलं! कारण साधं आहे: खऱ्या लंबकाच्या समीकरणात साइन क्ष असतं आणि त्या साइनच्या विस्तारातलं क्ष⁵/१२० हे पददेखील दुसऱ्या क्रमाचंच आहे. समीकरणात ए²·क्ष⁵/१२० मिळवा, त्याचे +८/३०७२ येतात आणि बेरीज +१/३०७२ होते. चिन्हच उलटतं. हा दोष पॅकेजचा नाही. समीकरणात तुम्ही जे दिलं नाही ते पॅकेजला दिसत नाही, इतकंच.

खरी मर्यादा पुस्तिकेनं स्वतःच सांगितली आहे. पहिल्या क्रमापासून पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांची सुरुवातीची किंमत आणि वेग शून्यच असले पाहिजेत. व्हॅन डेर पोलचं समीकरण, क्ष'' + क्ष = ए·(१ − क्ष²)·क्ष', या अटीत बसत नाही. तिथला आयाम आपण निवडत नाही, तो समीकरण ठरवतं: २ + ए²/९६. म्हणजे दुसऱ्या क्रमाच्या दुरुस्तीची सुरुवात शून्य असूच शकत नाही. शिवाय मर्यादाचक्राकडे, म्हणजे शेवटी स्थिरावणाऱ्या आंदोलनाकडे, सरकण्याचा प्रवास लिंडस्टेडच्या आवाक्याबाहेरचाच.

त्यासाठी अ‍ॅव्हरेजिंग लागतं. म्हणजे एका फेरीवरची सरासरी घेऊन आयाम कसा बदलतो ते काढायचं. त्याची लिंडस्टेडसारखी तयार आज्ञा नाही, पण चार-पाच ओळींत काम भागतं. क्ष = अ·कॉस फ आणि क्ष' = −अ·साइन फ (अ हा आयाम, फ ही कला म्हणजे फेज) ठेवा, अ' ची राशी लिहा, ट्रिगरिड्यूस चालवा आणि मगच ० ते २पाय इंटिग्रेट करून २पायनं भागा. ट्रिगरिड्यूस आधीच केलं की कॉस-साइनचे घात सुटे होतात आणि कुठलं पद टिकणार ते नजरेला दिसतं. उत्तर अ' = (ए/२)·अ·(१ − अ²/४). 'अ धन आहे की ऋण?' असे प्रश्न विचारून मॅक्सिमा अडवतं, त्यासाठी अझ्यूमनं अ > ० आधीच सांगून ठेवावं.

वेगाच्या वर्गाचं घर्षण, म्हणजे क्ष'·|क्ष'|, आलं की निरपेक्ष मूल्यामुळं इंटिग्रल पुष्कळदा न सोडवता तसंच परत येतं. ० ते पाय आणि पाय ते २पाय असे दोन तुकडे करून चिन्ह स्वतः घाला. अ' = −(४/३पाय)·ए·अ² मिळायला हवं, गुणक अंदाजे ०.४२४४.

उत्तर तपासायला डायनॅमिक्स पॅकेजमधलं आरके आहे, स्थिर पावलाचं चौथ्या क्रमाचं रुंगे-कुट्टा, म्हणजे समीकरण वेळेच्या छोट्या पावलांनी आकड्यांत सोडवणं. व्हॅन डेर पोलला ए = ०.१ धरलं तर आयाम छान जुळतो, पण कला हळूहळू सरकते. पहिल्या क्रमाच्या अ‍ॅव्हरेजिंगनं वारंवारतेतलं −ए²/१६ सोडून दिलेलं असतं, म्हणून वेळ १६० ला ०.१ रेडियन आणि १६०० ला पुरा १ रेडियन फरक पडतो. आलेख जुळत नाहीत म्हणून समीकरण खोडायला बसू नका. आधी पाऊल बघा. ०.५ च्या पावलाला आरकेचीच वारंवारता सुमारे ०.०००४८ नं कमी येते, शोधताय तो फरक ०.०००६२५ आहे, आणि दोन्ही एकाच दिशेला. पाऊल ०.१ केलं की आरकेची चूक दहालाखांशाच्या घरात जाते आणि उरतो तो फरक खरोखर दुसऱ्या क्रमाचा असतो.