पद्मिनीच्या छताची पन्हळ: सीलर मारायचा की पत्रा कापायचा?

गोव्यात जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी ठेवायची म्हणजे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यात दारावरची ती पन्हळ आधी जाते. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथेच स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, वरचा जुना सीलर (सांधा बुजवणारा लेप) तडकला की पाणी दोन पत्र्यांच्या मधे शिरतं आणि गंज आतून येतो, बाहेर फक्त रंगाला फुगे दिसतात.

स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा कडक असेल तर सगळं खरवडून रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), इपॉक्सी प्रायमर आणि वर सीम सीलर, बास. स्वस्त काम, सीलिंगही (छताचं आतलं अस्तर) काढायला नको. पण पुटी भरून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा, पुटी पाणी धरते.

टोक आत गेलं तर मात्र तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वळवून घालायचा. खर्च बराच, सीलिंग उतरवावं लागतं (नाहीतर पेटेल की!), आणि मिग (विजेवर चालणाऱ्या, तारेच्या) वेल्डिंगवालाच बघा, तेही थोडे थोडे टाके अंतर सोडून, गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने छत हमखास वाकतं. माझं मत विचाराल तर भोक पडलं असेल तिथे कापाच. काम मात्र मे संपायच्या आत उरका.