मुंबई–नागपूर: विमान की समृद्धी?

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८५ किमी. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किमी. जून २०२५ मध्ये इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा खुला झाला आणि ‘नागपूरला गाडीने?’ असं कुणी म्हटलं की लोक हसायचे ते थांबले.

विमान दीड तासात पोचतं, पण तो नुसता उड्डाणाचा वेळ झाला. अंधेरी-पार्ल्यात राहत असाल तर विमानतळ उंबऱ्यावर. चेक-इन, सिक्युरिटी, बॅगा सगळं धरून साडेचार-पाच तासांत सीताबर्डीला. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहरातच, त्यामुळे तिकडे वेळ जात नाही. जातो तो इकडे. डोंबिवली-कल्याणवाल्यांनी विमानतळ गाठायलाच दोन तास धरावेत, आणि पावसाळ्यात त्यावर अर्धा-पाऊण तास आणखी.

गाडीचं गणित नेमकं उलटं. कल्याणहून आमणे जवळ, अंधेरीहून मात्र आधी ठाणे आणि मग वडपेपर्यंतचा ट्रॅफिक. तिथे तासभर अडकलात तर समृद्धीने वाचवलेला वेळ समृद्धीवर चढण्याआधीच खर्ची पडतो. एकदा वर चढलात की सपाटीवर मर्यादा १२० ची, घाटात १००. कसाऱ्याचा जुना घाटही आता चुकतो, जवळपास आठ किमीचा बोगदा आहे. ‘आठ तासांत नागपूर’ हे आमणेपासून मोजलेलं. जेवण, डिझेल, चहा धरून घर ते घर दहा तास सांगा, म्हणजे पलीकडे कुणी ताटकळणार नाही.

पैशांत मात्र गाडी पुढे, फक्त ती भरलेली हवी. कारचा टोल दीड हजाराच्या घरात, पेट्रोल पन्नासेक लिटर. चौघांत वाटलं तर माणशी दोन हजारांच्या आत. एकट्याने जायचं तर विमानच घ्या, दिवाळीचे दिवस सोडून. तेव्हाचे दर बघून माणूस आपोआप रस्त्याकडे वळतो.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न वेगळाच: खरंच नागपूरला जायचंय, की ‘नागपूरकडे’? गाव कारंजा लाड, मेहकर किंवा सिंदखेडराजाच्या बाजूला असेल तर विमानाने नागपूर गाठून तिथून उलटं मागे येणं हा शुद्ध वेडेपणा. कारंजाच नागपूरच्या अलीकडे पावणेदोनशे किमीच्या वर आहे. तिथे इंटरचेंजवर उतरा, घरी जा. वर्ध्याला दोन्ही चालतं.

गाडीने जाणार असाल तर टायर बघा, आणि मनापासून बघा. सिमेंटचा रस्ता, उन्हाळ्यात तापलेला, त्यावर तासन्‌तास शंभरच्या पुढचा वेग. जुना टायर इथेच फुटतो. दुसरा शत्रू झोप. वळण नाही, सिग्नल नाही, दुचाकीला बंदी, समोर तीच पट्टी. मागे म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर दर दोन तासांनी थांबा. पेट्रोल पंप लांब लांब आहेत, काटा अर्ध्यावर आला की भरून घ्यायचं.

आणि दुसरा ड्रायव्हर नसेल, तर गाडी घरीच ठेवा आणि सीएसएमटीवरून रात्रीची दुरांतो पकडा. ८३७ किमी, पण झोपेत.