मीटरचं बिल की ठोक पाणीपट्टी?

ठाण्याचं पाणी स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा संस्था), एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि स्वतःच्या योजनेतून येतं. नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण. आकारणीचा प्रश्न मात्र खाडीच्या दोन्ही काठांना सारखाच.

ठोक दरात, म्हणजे वापर न मोजता ठरलेल्या रकमेत, हिशेब सोपा, पण टाकी रात्रभर वाहिली तरी आकडा तोच. मीटर लावला की वापराइतके पैसे, आणि मुख्य म्हणजे तूट कळते: सोडलेलं पाणी वजा बिलात आलेलं पाणी. गळती, चोरी, सगळं त्यात. केंद्राच्या २००८ च्या निकषांनुसार ही तूट जास्तीत जास्त २० टक्के, माणशी रोज १३५ लिटर आणि मीटर शंभर टक्के हवेत.

अडचण सोसायटीत. मीटर एकच, मग एकट्या आजी आणि सहाजणांचं कुटुंब सारखंच भरतात! तरी माझं मत मीटरलाच. फक्त नळाला नुसती हवा आली तरी काटा फिरतो, तेवढं बघा.