पोराच्या बार मित्झ्वासाठी सोलापूर ते जेरुसलेम : सात रस्त्याजवळच्या ट्रॅव्हल ऑफिसचा रिव्ह्यू

चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते खाली येईलच. रिव्ह्यू लांबणार आहे, कारण असलं काम घेऊन त्या ऑफिसात गेलेलं पहिलं गिऱ्हाईक आम्हीच असणार, काउंटरवरच्या पोराचा चेहराच सांगत होता.

आधी थोडं आमच्याबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबाग-रेवदंड्याकडचे मराठी ज्यू. घरात मराठीच, आडनावाच्या शेवटी कर. सासरे रेल्वेत होते म्हणून सोलापूर, ते रिटायर झाले तरी आम्ही इथेच. सोलापुरात सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, नाही, सणावाराला पुणे गाठायचं, रास्ता पेठ नाहीतर कॅम्पातलं लाल देऊळ. मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाली की बार मित्झ्वा करतात, शेजारच्या काकूंना मी मुंजीसारखं काहीतरी असं सांगून मोकळी झाले. पोराने सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायची, आणि ती वाचायला कमीत कमी दहा मोठे पुरुष हजर लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. आमच्याकडे सासरे, आमचे हे, दीर, झालं, संपली यादी. पुण्यात नक्की झालं असतं, पण माझी नणंद दिमोनाला असते, सासऱ्यांची बहीण अश्दोदला, आणि सासऱ्यांनी एकदाच सांगितलं की नातवाचं जेरुसलेमला करायचं, माझे गुडघे चालतायत तोवर. मग काय, विषय संपला.

सुरुवातीला पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीला फोन केला. त्यांचं होली लँड पॅकेज तयारच असतं, जॉर्डन, इस्राएल, इजिप्त एकत्र, त्यात बेथलेहेम, नाझरेथ, जॉर्डन नदी. ख्रिश्चन यात्रेकरूंसाठी चांगलंच असेल, पण आमच्या कामाची जागा म्हणजे कोटेल, आमच्या जुन्या मंदिराच्या आवाराची पश्चिमेकडची भिंत, तिथे यांचा अर्धा तासाचा फोटो स्टॉप. आणि वार शनिवार. मी म्हटलं शनिवार म्हणजे शब्बाथ, शुक्रवार संध्याकाळपासून सुरू होणारा आमचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा कोटेलवर फोटो काढू देत नाहीत, तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी पेट्या) बांधत नाहीत, शहरातल्या बस बंद असतात. तर पलीकडची मुलगी म्हणते, मॅडम आमचं आयटिनररी फिक्स असतं. ठेवला फोन.

ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने हे सात रस्त्याजवळचं सुचवलं. बाहेर बोर्डावर उमरा, दुबई, काशी-अयोध्या, आत भिंतीवर मक्केचा मोठा फोटो, कूलरचा आवाज एवढा की दोनदा बोलावं लागतं. मला वाटलं इथे आपलं काय काम होणार. ऑफिस चालवणाऱ्या भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, वार कुठला धरलाव?" दुसरा प्रश्न, घरात सगळ्यात वयस्कर कोण आणि पायऱ्या चढतात का. तिसरा, काय खात नाही तुम्ही. कुठे कुठे फिरायचंय हे अगदी शेवटी विचारलं. मला तिथेच माणूस पटला.

नंतर कळलं की ते उमऱ्याशिवाय बैतुल मुकद्दसचे, म्हणजे जेरुसलेमचे ग्रुपही नेतात, तिथल्या अल अक्सा मशिदीत नमाजसाठी जाणारे लोक. कोटेल त्याच आवाराच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे जुन्या शहराच्या गल्ल्या, कुठल्या दरवाज्यापर्यंत गाडी येते, कुठे पायऱ्या आहेत, हे त्यांना तोंडपाठ. डंग गेटने आत शिरलं तर म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात कमी चालावं लागतं हे पहिल्याच दिवशी त्यांनी पावतीच्या मागे नकाशा काढून दाखवलं.

तारखेचं पण सांगते, कारण खरी डोकेदुखी तीच. तेरा वर्षं हिब्रू कॅलेंडरने मोजतात. ते चंद्राचं, पण ऋतू सरकू नयेत म्हणून १९ वर्षांत ७ वेळा जास्तीचा महिना घालतात, आपल्या अधिक महिन्यासारखंच. आमच्या पोराचा जन्म हेश्वान महिन्यातला, तो बऱ्याचदा दिवाळीच्या आसपास येतो, म्हणजे शाळेला सुट्टी. शिवाय हेश्वानमध्ये एकही सण नसतो. त्याच्या आधीच्या महिन्यात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ सगळे ओळीने येतात, हॉटेलं महाग आणि अर्धं शहर बंद. भाईंना चंद्राची तारीख समजावून सांगायचं कामच नव्हतं, ते स्वतः हिजरी कॅलेंडरवर धंदा करतात, भिंतीवर दोन कॅलेंडरं होतीच, आमच्यासाठी त्यांनी तिसरं प्रिंट काढून लावलं.

तोरा सोमवार, गुरुवार आणि शनिवारी वाचतात. शनिवार बाद, म्हणून गुरुवार धरला. गुरुवारचं वाचन छोटं असतं, येणाऱ्या शनिवारच्या भागाचा फक्त सुरुवातीचा तुकडा, आणि हफ्तारा (संदेष्ट्यांच्या पुस्तकांतलं जोडवाचन) नसते, त्यामुळे पोराचाही ताण कमी. त्याच्या वाट्याला लेख लेखा नावाचा भाग आला, अब्राहामाला देव सांगतो की आपला देश, आपलं घर सोडून निघ. ठाण्याचे एक गुरुजी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर शिकवायचे आणि खाली गल्लीतली पोरं क्रिकेटला हाका मारत असायची, बिचाऱ्याचे फार हाल झाले.

कागदपत्रांत ऑफिस एक नंबर. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे आपण विसरतो, यांनी पहिल्याच भेटीत सगळ्यांचे पासपोर्ट मागून तारखा तपासल्या, पोराचा संपत आलेला, लगेच पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट घेऊन दिली, आई-बाप दोघांच्या संमतीचा फॉर्म भरून हातात. व्हिसासाठी नणंदेकडून पत्र काय मागवायचं, त्यात काय लिहिलेलं असावं, तेही सांगितलं. आणि एक बारीक गोष्ट, तिकडे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात, ती निघेपर्यंत जपायची. भाईंनी ती ठेवायला प्रत्येकाला प्लास्टिकचं पाकीट दिलं, उमऱ्यावाल्यांना देतात तसलंच, हिरवं, गळ्यात अडकवायचं.

विमान असं घेतलं की सोमवारी पोचू. शुक्रवारी दुपारनंतर पोचणारं तिकीट बऱ्यापैकी स्वस्त होतं, भाई म्हणाले नको, फ्लाइट लेट झाली तर विमानतळावरून जेरुसलेमची ट्रेन बंद झालेली असणार आणि तुम्ही शब्बाथला गाडीत बसणार नाही, मग मी तुम्हाला कुठं ठेवू. मुद्दा बरोबर होता.

सामानाचा किस्सा. नातेवाइकांची यादी म्हणजे सोलापुरी चादरी, शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि मलिद्यासाठी (आमचा गोड पोह्यांचा प्रसाद) पातळ पोहे. दिमोनाला भारतीय दुकानं आहेत, पण त्यांना इथलेच पाहिजेत. आता चादर म्हणजे वजन, माणशी २३ किलोत काय काय बसवणार. भाईंनी ऑफिसातला वजनकाटा काढला, आम्हाला बॅगा घेऊन बोलावलं आणि तिथेच जमिनीवर सगळं उघडून प्रत्येक बॅगेत दोनच चादरी, चटणी डबल पिशवीत, चेक-इनलाच, केबिनमध्ये पीठ-पावडर काही नको, तिकडे सिक्युरिटीवाले एकेक पुडी उघडून बघतात. ती कडक भाकरीची चवड स्टीलच्या डब्यात घालायची आयडिया त्यांचीच, एकही तुटली नाही.

आता मुख्य दिवस. कोटेलवर जागेचे पैसे लागत नाहीत हे आधीच सांगते, कोणी मागितले तर देऊ नका. पुरुष आणि बायका वेगळ्या बाजूला, मधे आडोसा, आणि बायकांची बाजू चांगलीच छोटी. वाचायची टेबलं आडोशाला लागून मिळवायची, म्हणजे आईला दिसतं, आणि त्यासाठी सकाळी लवकर जायचं, हे भाईंच्या तिकडच्या माणसाने बरोबर केलं. सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, पण आमच्या पद्धतीची आणून दिली, कडक पेटीतली, उभी ठेवून वाचतात ती, कारण पोरगं पुण्यात तसंच बघत आलेलं. दहा माणसांची चिंता तिथे नाहीच, बाजूला उभे असलेले अनोळखी लोक येऊन उभे राहतात. आम्ही सगळ्या जणी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढून आडोशावरून वाकून बघतोय, माझ्या एका बाजूला कुठली तरी फ्रेंच बोलणारी आजी, तिच्या नातवाचं पलीकडच्या टेबलावर चाललेलं, तिने माझा दंड घट्ट धरलेला कारण तिची खुर्ची डुगडुगत होती. पोराच्या हातात चांदीची काडी, टोकाला छोटा हात असलेली, तिने एकेक शब्दावर बोट ठेवल्यासारखं वाचायचं. पहिल्या ओळीला आवाज फाटला, आवाज फुटायचंच वय. आजोबांनी पुस्तकातून मान वर केली नाही. दुसऱ्या ओळीपासून गाडी रुळावर. संपल्यावर बायकांनी वरून चॉकलेटं फेकायची असतात, मऊच घ्या, माझ्या जावेने नेम धरून मारलेलं दिराच्या चष्म्याला लागलं.

फिरणं थोडक्यात सांगते. मसादाचा किल्ला केबलकारने, मृत समुद्रात सगळे तरंगलो, सासऱ्यांनीसुद्धा. बेथलेहेम पॅकेजमध्ये आपोआप आलं होतं, ते आधीच काढायला लावलं आणि तो दिवस दिमोनाला वाढवून घेतला. तिथे नणंदेच्या घरी मलिदा झाला, पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, फळं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं मराठी वळणाने, आणि दोन खोल्यांत एवढी माणसं मराठीत भांडतायत की पोरगं म्हणालं आई आपण अलिबागला आलोय का.

खाण्याचं चोख होतं. विमानात कोशर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमात बसणारं, जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, ते केलेलं. हॉटेल कोशर, मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे रात्री मटण असेल तर दुधाचा चहा कुठेच मिळत नाही, सोलापूरच्या माणसाला हा मोठा धक्का आहे. आम्ही घरी पाळतोच, पण हॉटेलातल्या माणसाने दुधाच्या नुसत्या नावाने जो चेहरा केला त्यावर दीर अजून हसतात. भाईंनी सासऱ्यांसाठी खालची, दुसऱ्या मजल्यावरचीच खोली मागून घेतलेली, आणि शब्बाथला बटण दाबायचं नसतं म्हणून शनिवारी एक लिफ्ट बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबत जाते, सासरे तिच्यात विनाकारण दोन फेऱ्या मारून आले.

आता पाचवा स्टार. कोटेशनमध्ये टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच कापून घेतात तो कर, धरलेला नव्हता. परदेशाच्या पॅकेजवर तो लागतोच आणि रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो हे मान्य, पण शेवटच्या हप्त्याला अचानक वाढीव आकडा आला की घरात वादावादी होते, पहिल्या कागदावर लिहा ना. ढोल आणि शोफार (मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य) वाजवत दरवाज्यापासून मिरवत नेतात ते पथक मी समजले पॅकेजमध्ये, कारण भाई व्हिडिओ दाखवताना तसंच बोलले होते, तर ते वेगळं निघालं. त्यावर भांडले, अर्धे पैसे त्यांनी सोसले. आणि व्हॉइस मेसेज! लिहून काही सांगायचं नाही, सात-आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग, मागे कूलर, मधे दुसऱ्याच गिऱ्हाईकाशी बोलणं, हॉटेलचा पत्ता शोधायला मला तेवढं सगळं परत ऐकावं लागलं.

इन्शुरन्सबद्दल मात्र सरळ बोलले. तिकडची परिस्थिती केव्हाही फिरते आणि साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत युद्ध धरत नाहीत, म्हणून हॉटेलं सगळी फुकट कॅन्सल होणारी घेतली, तिकीट थोडं महाग पण तारीख बदलता येणारं, आणि निघायच्या आधी दूतावासाच्या सूचना रोज बघायला लावल्या. दुसऱ्या एकाने फोनवर "काही होत नाही मॅडम" एवढंच म्हटलं होतं.

खर्च माणशी अडीच लाखांच्या पुढेच धरा, मिरवणूक वेगळी. ज्यांना रोज चार ठिकाणं बघायची, शॉपिंग करायचं, झेंडा घेऊन पुढे चालणारा गाईड पाहिजे, त्यांनी इथे जाऊ नका, वैतागाल. घरातलं एखादं कार्य, नवस, म्हातारी माणसं असं काही असेल तर जा. हप्त्यांचं सगळं लिहून घ्या, पहिल्या भेटीतच टीसीएस विचारा आणि व्हॉइस मेसेज आला की "भाई, टाईप करा" असं लगेच कळवा, ऐकतात ते. ऑफिस दुपारी बंद असतं, शुक्रवारी तर साडेतीनशिवाय उघडत नाही, आणि हजच्या सीझनमध्ये फोन न करता गेलात तर बाहेर चपलांच्या ढिगापाशीच उभं राहावं लागेल.